पातेल्यापुरते मासे

१ मे रोजी शाळेचे निकाल वाटून मी घरी आले की अब्बांचा गळ माळ्यावरून खाली उतरतो. बांबूची काठी, काठीला गुंडाळलेली नायलॉनची दोरी, मोरपिसाच्या देठाचा तरंग आणि औषधाच्या जुन्या डबीत चार-पाच आकडे. अब्बा एस.टी.त चालक होते. बत्तीस वर्षे नोकरी केली. सुट्टी मोजून मिळायची. पण मे महिन्यातले दोन दिवस ते कोणाला देत नसत. ते दोन दिवस मासेमारीचे.

माझ्या मामूंची राहुरीच्या बाजूला, मुळा धरणाच्या फुगवट्याकाठी थोडी शेती आहे. तिथे पत्र्याची एक खोली आहे. आत दोन खाटा, एक चूल, भिंतीला कंदील. लहानपणापासून आमचे थंड हवेचे ठिकाण म्हणजे तीच खोली. दिवसा पत्रा तापला की आम्ही बाभळीखाली यायचो आणि रात्री पाण्यावरून वारा सुटला की अम्मी आम्हाला चादरी घालायची. आता माझी मुले नानांबरोबर तिथे जातात. थोरली आठवीत गेली आहे, धाकटा पाचवीत.

गळ टाकण्याचे अब्बांचे तीन नियम आहेत. पहिला, पाण्याजवळ गेल्यावर आधी तिथल्या मच्छीमारांना सलाम-दुआ करायची, नमस्कार करायचा आणि कुठे बसू ते विचारायचे. धरणात मत्स्यबीज सोडले जाते, त्यावर त्यांची घरे चालतात. आपण हौशी माणसे, पाहुणे. दुसरा, मृगाचा पाऊस पडला की गळ माळ्यावर. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात अंडी घालतात. पोटात अंडी असलेली मादी धरली तर पुढच्या वर्षीचे हजारो मासे आजच संपवले. तिसरा नियम ते घरच्या बोलीत सांगतात, "भूक जितनी, मछली उतनी." पातेले भरले की गळ गुंडाळायचा. मग समोर मासा उड्या मारत असला तरी अब्बा पुन्हा आकडा टाकत नाहीत.

या वर्षीही गेलो. पाणी बरेच मागे हटले होते. पूर्वी खोलीपासून पन्नास पावलांवर काठ असायचा. यंदा चिखलाच्या भेगांवरून, शंख-शिंपले तुडवत बरेच चालावे लागले. अब्बांनी कणकेत थोडी हळद मळून गोळ्या केल्या, बिस्मिल्लाह म्हणून गळ टाकला आणि धाकट्याच्या हातात काठी दिली. "तरंग बघायचा. तो थरथरला तर थांब. बुडाला तर ओढ. थरथरतो तेव्हा मासा चाखत असतो, बुडतो तेव्हा खात असतो." पोराने पहिल्या तासात सात वेळा रिकामा आकडा ओढला. आठव्या वेळी तळहाताएवढी चिलापी निघाली. त्याची आरोळी पलीकडच्या काठापर्यंत गेली असेल.

संध्याकाळपर्यंत सहा चिलापी आणि एक रोहू मिळाला. सात मासे, खाणारे सात. अब्बांनी गळ गुंडाळला. धाकटा रडकुंडीला आला. "नाना, अजून आहेत की पाण्यात!"

"आहेत म्हणून तर थांबायचं," अब्बा म्हणाले.

रात्री अम्मीने लाल मिरची, लसूण आणि चिंचेचा कोळ लावून मासे तव्यावर तळले. बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ले. जेवताना थोरलीने विचारले, "हे पाणी मागे का गेलं? कुठे गेलं?" मी शिक्षिका, त्यामुळे उत्तर तयार होते. मुळा धरण २६ टीएमसीचे. त्याचे कालवे राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडे जातात. नगर शहराला पिण्याचे पाणी इथूनच येते. "म्हणजे आपणच प्यायलो," ती म्हणाली. नंतर थोडा वेळ विचार करून म्हणाली, "पण आपल्याकडे तर बोर आहे."

मी भाकरी मोडत राहिले. त्या बोरचा विषय मला नको होता. का, ते पुढे सांगते.

परत आल्यावर सुट्टीचे बरेच दिवस उरले होते. मी भूगोल शिकवते. दरवर्षी पाण्याचा धडा आला की फळ्यावर 'हिवरे बाजार' असे लिहिते आणि मुलांना सांगते, हे आपल्याच नगर तालुक्यातले गाव, ज्याने दुष्काळावर मात केली. पण शहरापासून जेमतेम सोळा-सतरा किलोमीटरवर असलेले ते गाव मी स्वतः कधी पाहिले नव्हते. शाळेतल्या मुलांना वीस वर्षे सांगितले, स्वतः एकदाही गेले नाही! या वर्षी ठरवले, जायचेच.

अब्बांना गाव नावाने ठाऊक होते. "आमच्या वेळी लोक म्हणायचे, सरकारी माणसाला शिक्षा करायची असेल तर त्याची बदली हिवरे बाजारला करा." ते खरेच होते. कधीकाळी पैलवानांसाठी नावाजलेले हे गाव १९७२च्या दुष्काळानंतर खचत गेले. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसे मजुरीसाठी बाहेर पडली आणि मागे राहिली ती दारू आणि भांडणे. १९८९मध्ये गावातल्या तरुणांनी पोपटराव पवार या शिकलेल्या, क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला सरपंच केले आणि तिथून गाव वळले.

मी मुलांना सहज म्हणाले होते, की तिथे पाझर तलाव आहेत. धाकट्याने 'तलाव' एवढाच शब्द ऐकला. सकाळी गाडीत बसताना पाहते तर काठी मागच्या सीटवर आडवी आणि अब्बांच्या खिशात आकड्यांची डबी. "विचारून टाकू," अब्बा माझी नजर चुकवत म्हणाले.

कल्याण रस्त्याने निघालो. मे महिन्यातला आपला नगर तालुका वाचकांना सांगायला नको. पिवळे माळ, धुळीचे लोट, रस्त्याकडेला टँकरची वाट पाहणारी पिंपे. हिवरे बाजारच्या शिवारात शिरल्यावर डोंगर वेगळा दिसू लागला. उन्हाळा तिथेही होता, गवत तिथेही वाळलेले होते. पण ते होते. आणि झाडे होती. रस्ते स्वच्छ, घरे एकसारख्या रंगाची, भिंतींवर पाण्याच्या आणि स्वच्छतेच्या सूचना.

पाझर तलावापाशी पोचलो आणि धाकटा बांधावर चढून थबकला. तलाव कोरडा होता. तळाला तडकलेली माती, कडेला थोडे वाळलेले गवत. त्याने काठी बांधावर टेकवली आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच पाणी पिऊन टाकले होते. "अम्मी, तू तर म्हणालीस या गावाला पाणी आहे!"

खरे सांगते, मलाही धक्का बसला. इतकी वर्षे फळ्यावर लिहिलेले खोटे होते की काय?

बांधाखालच्या लिंबाच्या सावलीत एक वयस्कर शेतकरी बसले होते. गळ पाहून त्यांना हसू आवरेना. "पाहुणे, कुठले?"

"नगरचेच," अब्बा म्हणाले.

"मासे धरायला आलात व्हय? मासे पाहिजेत तर मुळेवर जा. आमचं पाणी खाली गेलंय."

"खाली म्हणजे?" धाकट्याने विचारले.

"जमिनीत. ते साठवायला नाही बांधलं बाळा, मुरवायला बांधलंय. पाणी दिसत राहिलं तर उन्हानं उडून जाईल. चल, दावतो."

त्यांनी आम्हाला जवळच्या एका विहिरीपाशी नेले. वाकून पाहिले. मे महिन्याच्या मध्यावर, खाली काळेभोर पाणी हलत होते. धाकट्याने खडा टाकला. आवाज लगेच आला. कोरडा तलाव आणि ओली विहीर. हा अर्थ मला पुस्तकात कधी भिडला नव्हता. डोंगरावर पडलेला पाऊस उतारावर खणलेल्या सलग समतल चरांत अडतो, ओढ्यावरच्या बांधांत थांबतो, पाझर तलावात येतो आणि तिथून हळूहळू जमिनीत जातो. तलाव रिकामा होणे म्हणजे तलावाने काम केले.

सावलीत बसून अब्बा आणि ते गृहस्थ बोलत राहिले. दोघे जवळपास एकाच वयाचे. मी ऐकत होते, थोरली वहीत टिपून घेत होती.

हिवरे बाजार पर्जन्यछायेत आहे. वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस, तोही भरवशाचा नाही. म्हणजे या गावावर आभाळाने वेगळी मेहेरबानी केलेली नाही. आपल्यावर पडतो तेवढाच पाऊस. गाव १९९४ साली आदर्श गाव योजनेत आले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी ही पाच सूत्रे गावाने स्वीकारली. पुढे त्यात आणखी एक नियम आला, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस, केळी अशी तहानलेली पिके घ्यायची नाहीत. आणि दरवर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी काय, जमिनीत किती मुरले. त्यातून आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे आणि उरेल त्यावर ठरवायचे, की यंदा रब्बीला काय आणि किती पेरायचे. पाऊस कमी झाला तर पेरा कमी.

"कुणाला वाटत नाही, की माझ्या रानात मी काय पण करीन?" अब्बांनी विचारले.

"वाटतं की! मलापण वाटलं होतं. बोअर मारायचं मनात होतं. पण बोअर म्हणजे काय हो? एकाच ताटात सगळे जेवायला बसलेत आणि एकानं लांब चमचा आणला. ताट तेवढंच हाय."

अब्बांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

आता तो विषय सांगते. २०१६चा उन्हाळा आपल्या भागाने सोसला आहे. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचे. आम्ही नवरा-बायको दोघे नोकरीवाले, हातात थोडे पैसे होते. बोरची गाडी बोलावली आणि चारशे फुटांवर पाणी लागले. गल्लीत पेढे वाटले. त्या वेळी अब्बांनी एकच प्रश्न विचारला होता, "शेजारी विचारलंस का?" मी म्हटले, "अब्बा, आपली जागा, आपले पैसे, कोणाला काय विचारायचं?"

शेजारी काकू राहतात. काका वारले आहेत, मुलगा पुण्याला. त्यांच्या अंगणात जुना हातपंप होता, दीड-पावणेदोनशे फुटांचा. गल्लीतल्या निम्म्या घरांनी कधी ना कधी त्याचे पाणी भरले होते, आम्हीसुद्धा. माझ्या बाळंतपणात अम्मीला कपडे धुवायला काकूंनी पंप मोकळा सोडला होता. पुढच्याच उन्हाळ्यात तो पंप कोरडा पडला. आमच्या बोरमुळेच पडला, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. गल्लीत तोवर इतरांनीही बोर घेतले होते. पण काकू तेव्हापासून टँकरचे पाणी भरू लागल्या आणि आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली, की तो आवाज त्यांच्या स्वयंपाकघरात जात असणार, हे मला कळत होते. ईदला शीरखुर्मा जातो, दिवाळीला फराळ येतो. पण पाण्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

हे सगळे त्या लिंबाखाली माझ्या डोक्यात चालले होते.

जोहरची वेळ झाली. अब्बांनी त्या गृहस्थांना विचारले, नमाजला जागा मिळेल का? ते म्हणाले, "जागा कशाला? मशीद आहे की." या गावात मुसलमानांचे एकच कुटुंब आहे. एकच घर. त्या एका घरासाठी गावाने मशीद बांधून दिली आहे. मी हे ऐकून होते, पण मला ती बातम्यांमधली सजावट वाटायची. अब्बा आणि धाकटा आत गेले. मी आणि थोरली बाहेर सावलीत थांबलो. वुजूसाठी अब्बांनी तांब्याभर पाणी घेतले. पोराने नळ सोडून हात धरला तेव्हा त्याचा हात हलकेच बाजूला करून त्याच तांब्यात भागवले. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी वुजूला पाणी उधळू नका, ही शिकवण आपण मदरशात पाठ करतो आणि घरी नळ सोडून दात घासतो.

बाहेर येऊन अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बेटा, हे लोक थेंब थेंब मोजतात. पाऊस मोजतात, विहीर मोजतात. पण इथे त्यांनी डोकी मोजली नाहीत. एका घरासाठी कशाला, असं कोणी म्हटलं नाही."

मला वाटते, त्या दिवशी पाहिलेल्या सगळ्या गोष्टींचे सार या दोन वाक्यांत होते. पाणी मोजायचे आणि माणूस मोजायचा नाही. आपण बहुतेक वेळा उलटे करतो. टाकी वाहू देतो आणि शेजारी कोण, किती, कोणत्या घरचे, ते मोजत बसतो. आजकाल मन धास्तावणाऱ्या बातम्या रोज येतात. घरात मुलांसमोर काय बोलावे, हा प्रश्न प्रत्येक आईबापाला पडतो. माझ्या मुलांनी त्या दिवशी बातमी ऐकली नाही, एक इमारत पाहिली.

निघताना त्या गृहस्थांनी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. "पावसाळ्यात ये. तलाव भरलेला दावीन. पण गळ नको आणू." पोराने मान डोलावली. आकड्यांची डबी अब्बांच्या खिशातच राहिली.

परतताना गाडीत मी मुलांना आपल्या शहराची गोष्ट सांगितली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने हे शहर वसवले, तेव्हा इथे मोठी नदी नव्हती. निजामशाहीने भोवतालच्या गावांमधून जमिनीखालून खापरी नळ टाकून महाल, बागा, मशिदी आणि हौदांपर्यंत पाणी आणले. फराहबागेचा महाल तर पाण्याच्या मधोमध बांधला होता. तो पाणीपुरवठा सगळ्यांसाठी मिळून केलेला होता. आम्ही त्याच शहरात घराघराला वेगळे भोक पाडून बसलो आहोत.

"मग आपणही ताळेबंद मांडू," थोरली म्हणाली. मुलांना असे काही सुचले की ती सोडत नाहीत.

त्या रात्री आमच्या घरात ग्रामसभा भरली. अध्यक्ष नाना. धाकट्याने आठवडाभर वहीत लिहिले, की हजार लिटरची टाकी दिवसातून किती वेळा भरली जाते. दोन वेळा. पैकी कपडे, भांडी, आंघोळी, पिणे, झाडे सगळे धरूनही एका टाकीत भागते, असे हिशेबात निघाले. उरलेली टाकी कुठे जात होती? गाडी धुण्यात, अंगण शिंपडण्यात, वाहून जाण्यात. माझ्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी गच्चीचे पन्हाळे एका पाइपात आणले, बोरशेजारी खड्डा खणून त्यात दगड, खडी, वाळू भरली. छपरावरचे पाणी आता गटारात न जाता तिथे मुरेल. जितके घेतो तितके परत जाईलच असे नाही; पण काही तरी जाईल.

राहिले माझे काम. ते खड्डा खणण्याहून अवघड होते.

मृगाच्या आदल्या दिवशी मी काकूंच्या दारात गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हटले, "काकू, आमच्या टाकीतून तुमच्याकडे एक पाइप टाकायचा विचार आहे. रोज सकाळी अर्धी टाकी. तुमची हरकत नसेल तर."

त्यांनी तांदळातला खडा काढला, बाजूला ठेवला. वर न पाहता म्हणाल्या, "आत्ता आठवण झाली?"

"उशीर झाला, काकू. तेव्हाच विचारायला हवं होतं. बोर घेतानाच."

बराच वेळ फक्त ताटात तांदूळ सरकवण्याचा आवाज येत होता. मग त्या उठल्या, पदर खोचला आणि भिंतीपाशी जाऊन अंदाज घेऊ लागल्या. "या बाजूनं घेतलास तर पाइप लांब लागेल गं. तुळशीपाशी भोक पाडलं तर जवळ पडेल."

चार दिवसांनी पहिला पाऊस पडला. छपराचे पाणी पाइपातून खड्ड्यात उतरताना मुले भिजत पाहत उभी होती. आत अब्बांनी गळाची दोरी सोडवली, पुसली, तरंग वेगळा काढला आणि काठी माळ्यावर ठेवली. आता पुढच्या मे महिन्यापर्यंत मासे त्यांचे.